मेंदूतील रसायनांचा ठावठिकाणा

सातारा जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी पाऊस किती पडतो, असे कोणी विचारले तर सरकारी पुस्तकात पाहून एक आकडा सांगता येईल. पण तो आकडा ऐकून महाबळेश्वरचा माणूस हसेल आणि म्हसवडचा माणूस सुस्कारा सोडील. एकाच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला दोनशे इंचांवर पाऊस कोसळतो आणि पूर्व टोकाला वीस इंचांची भ्रांत असते. सरासरी खोटी नसते. परंतु ती कोणाच्याच शेतावर पडत नाही. आज मी आपल्यापुढे जो विषय मांडणार आहे तो पावसाचा नव्हे, मेंदूचा आहे. पण मेंदूतील रसायने मोजू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांची कित्येक वर्षे जी अडचण होती ती नेमकी अशीच होती. त्यांच्या हाती जिल्ह्याची सरासरी होती. शेत सापडत नव्हते.

आधी थोडी पूर्वपीठिका सांगतो. माणसाचा मेंदू वजनाने १,३०० ते १,४०० ग्रॅम भरतो आणि त्यात सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी असतात. या पेशी एकमेकींशी निरोपानिरोपी करतात, पण एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोघींमध्ये अतिसूक्ष्म फट असते. फटीच्या काठापर्यंत निरोप विजेच्या रूपाने येतो आणि तेथून पलीकडे तो बहुतेक ठिकाणी रसायनाच्या रूपाने जातो. १९२१ साली ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे ओटो लोवी यांनी बेडकांच्या दोन हृदयांवर प्रयोग करून अशी रसायने असतात हे प्रथम दाखवून दिले. प्रयोगाची कल्पना आपल्याला झोपेत सुचली असे ते सांगत. पण तो विषय वेगळा. ॲसिटिलकोलीन, डोपामीन, सेरोटोनिन, गाबा, ग्लुटामेट ही त्या संदेशवाहकांपैकी मुख्य नावे. आजच्या व्याख्यानात आपला संबंध विशेषतः डोपामीनशी येणार आहे.

डोपामीनच्या कथेत आपल्या मातीतल्या दोन वनस्पती येतात, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. पहिली सर्पगंधा. हिचा वेडावर आणि रक्तदाबावर उपयोग होतो असे कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे तिच्यातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. रिसर्पीनने रक्तदाब उतरे, परंतु काही रोगी सुस्त होत, काहींचे अंग ताठू लागे. असे का व्हावे?

स्वीडनमधील लुंड येथे आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रिसर्पीन टोचले. ससे निपचित पडले, कान लोंबू लागले. मग त्यांना डोपा नावाचे द्रव्य टोचले, तेव्हा थोड्याच वेळात ते ससे उठून हिंडू लागले. डोपापासून शरीरात डोपामीन बनते. पुढच्याच वर्षी कार्लसन यांनी दाखवले की डोपामीन हे मेंदूत मुळातच असते, रिसर्पीनने ते नाहीसे होते आणि डोपाने परत येते. आता दुसरी वनस्पती. हा डोपा पदार्थ खाजकुयलीच्या बियांत भरपूर असतो आणि तो तिच्यातून १९३७ मध्ये मद्रासच्या संशोधकांनी वेगळा काढलेला होता. कार्लसन यांचा डोपा अर्थातच प्रयोगशाळेतल्या बाटलीतला होता. तरीही एका वनस्पतीतील द्रव्याने रिकामे केलेले भांडे दुसरीत सापडणाऱ्या द्रव्याने भरून निघाले, या योगायोगाची मला मौज वाटते. कार्लसन यांना या कामाबद्दल २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

१९६० मध्ये व्हिएन्नाच्या ओलेह हॉर्निकिएविच यांनी कंपवाताने, म्हणजे पार्किन्सनच्या रोगाने, मृत्यू पावलेल्या माणसांचे मेंदू तपासले. मेंदूच्या खोल भागात रेखी पिंड म्हणून एक अवयव आहे. निरोगी मेंदूत तेथे डोपामीन विपुल असते. या रोग्यांत ते जवळजवळ आटलेले होते. त्यावरून लेव्हो-डोपाचा उपचार निघाला आणि आजही या रोगावर तेच मुख्य औषध आहे.

आमच्या आळीत एक निवृत्त शिक्षक राहत. त्यांना हा रोग जडला. अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे होते, ते मुंगीएवढे झाले. लेव्हो-डोपा सुरू झाले आणि पहिली काही वर्षे गुरुजी पुन्हा पर्वतीवर जाऊ लागले. नंतर मात्र निराळाच त्रास सुरू झाला. गोळी घेतल्यावर काही वेळाने मान, खांदे, हात आपोआप वळवळू लागत, जणू कोणी अदृश्य दोऱ्या ओढतो आहे. शेजारी म्हणत, रोग वाढला. वस्तुतः तो रोग नव्हता, औषधाचीच ती उलटी बाजू होती. लेव्हो-डोपा दीर्घकाळ घेणाऱ्या पुष्कळ रोग्यांना हे भोगावे लागते. एकच औषध, एकच मात्रा. मग एकाला हा त्रास का आणि दुसऱ्याला का नाही? औषध मेंदूत गेल्यावर कोठे कोठे जाते आणि कोठे किती डोपामीन तयार करते, हे कळल्यावाचून या प्रश्नाला हात घालता येत नाही.

आणि नेमके तेच कळत नव्हते. कार्लसन आणि हॉर्निकिएविच यांची रीत अशी की मेंदूचा एक तुकडा कापायचा, तो वाटायचा आणि त्या लगद्यातून रसायन काढून मोजायचे. पाट्यावर चटणी वाटल्यावर तीत मीठ किती हे सांगता येते, मिठाचा खडा कोठे होता हे सांगता येत नाही. १९६२ मध्ये स्वीडनमधीलच फाल्क आणि हिलार्प यांनी निराळी युक्ती काढली. मेंदूच्या वाळवलेल्या पातळ कापाला फॉर्माल्डिहाइडची वाफ दिली की सूक्ष्मदर्शकाखाली डोपामीन हिरवे चमकते, सेरोटोनिन पिवळे. या उजेडात मेंदूतील मज्जातंतूंचे मार्गच्या मार्ग प्रथम दिसले. परंतु नॉरॲड्रेनॅलीनही हिरवेच चमकते, आणि गाबा किंवा ॲसिटिलकोलीन मुळीच चमकत नाही. म्हणजे वाटले तर आकडा मिळतो पण पत्ता हरवतो, आणि चमकवले तर पत्ता मिळतो पण नाव संदिग्ध राहते व आकडा कच्चा राहतो. नाव, पत्ता आणि आकडा, तिन्ही एकदम हवे होते.

त्यासाठी जो मार्ग सापडला तो रंगाचा नाही, वजनाचा आहे. प्रत्येक रेणूला ठरावीक वजन असते. हायड्रोजनचा अणू एक धरला तर गाबाचे वजन १०३, डोपामीनचे १५३, सेरोटोनिनचे १७६. रेणूला विजेचा भार देऊन निर्वात नळीत सारख्याच जोराचा धक्का दिला तर हलका रेणू आधी पोचतो, जड मागून येतो. कोण किती वेळात पोचला हे टिपले की वजन कळते. मास स्पेक्ट्रोमीटर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या यंत्रांचे तत्त्व थोडक्यात असे. नळीऐवजी चुंबकाने वा अन्य रीतीने तोलणारीही यंत्रे आहेत. केंब्रिजच्या ॲस्टन यांनी १९१९ मध्ये असे यंत्र बनवून मूलद्रव्यांचे अणू तोलले.

अडचण अशी की तोलण्यासाठी रेणू आधी सुटा होऊन हवेत उडाला पाहिजे आणि त्यावर भार बसला पाहिजे. नाजूक रेणू तापवले की मोडतात. यावर तोडगा सापडला त्याची हकीगत मोठी गमतीची आहे. क्योटो येथील शिमाद्झू कंपनीत कोइची तानाका नावाचे तरुण अभियंता होते. १९८५ मध्ये एके दिवशी कोबाल्टच्या अतिसूक्ष्म भुकटीत त्यांनी चुकून भलताच द्रव, म्हणजे ग्लिसरीन, मिसळला. मिश्रण बिघडले, पण भुकटी महाग, फेकून देणे जिवावर आले. म्हणून त्यांनी तसेच ते यंत्रात घातले, आणि मोठमोठे रेणू लेसरच्या झोतात न मोडता उडताना दिसले. उरलेले पीठ टाकवत नाही म्हणून त्याचे थालीपीठ लावणाऱ्या आपल्या घरच्या मंडळींना तानाका यांचे मन सहज कळेल. त्यांना २००२ चे नोबेल मिळाले. त्याच सुमारास जर्मनीत कारास आणि हिलेनकाम्प यांनी कोबाल्टऐवजी साध्या सेंद्रिय स्फटिकांचा उपयोग केला आणि आज प्रचारात आहे ती त्यांची रीत. या स्फटिकांना मॅट्रिक्स म्हणतात. लेसरचा ताप मॅट्रिक्स स्वतःवर घेते आणि उडताना पाहुण्या रेणूला अलगद बरोबर नेते.

१९९७ मध्ये अमेरिकेतील रिचर्ड कॅप्रिओली यांनी याच रीतीने ऊतींचे नकाशे काढून दाखवले. कृती ऐका. प्राण्याचा मेंदू गोठवतात. गोठलेल्या स्थितीतच त्याचे सुमारे १२ मायक्रॉन जाडीचे काप काढतात. आपल्या केसाच्या जाडीत असे पाच-सहा काप सहज मावतील. काप वीज वाहू शकेल अशा काचपट्टीवर पसरून त्यावर मॅट्रिक्सचा तुषार मारतात. मग लेसर एका बिंदूवर मारायचा, उडालेले सर्व रेणू तोलायचे आणि एक पाऊल पुढे सरकायचे. खानेसुमारीचा कारकून घरोघर जाऊन प्रत्येक घरची नावनिशी लिहितो, तसेच हे. दीड सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद कापावर १०० मायक्रॉनच्या पावलाने गेले तर १५,००० बिंदू होतात, आणि प्रत्येक बिंदूला शेकडो वजनांची यादी. शेवटी संगणकाला सांगायचे की अमुक वजन कोणकोणत्या बिंदूंवर आणि किती जोरात आले ते रंगाने दाखव. असा त्या रेणूचा नकाशा तयार होतो. कोणता रेणू शोधायचा हे आधी ठरवावे लागत नाही आणि त्याला किरणोत्सर्गी खूणही करावी लागत नाही, हा या रीतीचा फार मोठा गुण होय.

परंतु संदेशवाहक रसायनांच्या बाबतीत ही रीत पुष्कळ दिवस अडली. एक तर ही रसायने थोडी. उंदराच्या रेखी पिंडात, म्हणजे जेथे डोपामीन सर्वांत दाट तेथेसुद्धा, ते ऊतीच्या वजनाच्या लाखाव्या हिश्शाच्या आसपास असते. दुसरे असे की हे रेणू लहान, आणि लहान वजनांच्या त्या टप्प्यात मॅट्रिक्सचे स्वतःचेच तुकडे गर्दी करतात. शिवाय नामसाधर्म्यासारखे वजनसाधर्म्य असते. गाबावर भार बसला की त्याचे वजन १०४ होते. कोलीन हा मेंदूत जागोजाग असणारा पदार्थ मूळचाच भारित, त्याचेही वजन १०४. फार बारीक तोलले तर एकाचे १०४.०७ आणि दुसऱ्याचे १०४.११. जाडा काटा वापरणारा कोलीनचा नकाशा काढील आणि खाली गाबाचे नाव लिहील.

यावर स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात पेर आंद्रेन यांच्या गटाने उपाय काढला आणि तो २०१४ मध्ये न्यूरॉन या नियतकालिकात प्रसिद्ध केला. डोपामीन, सेरोटोनिन, गाबा या सर्वांना अमीन नावाचा नायट्रोजनयुक्त हात असतो. कापावर पिरिलियम जातीच्या क्षाराचा तुषार मारला की तो क्षार हा हात धरतो आणि कायमचा जडतो. आगगाडीत सामानाला पत्त्याची पाटी बांधतात, तशी ही पाटी. पाटी स्वतःच विद्युद्भारित असल्यामुळे पाटीवाला रेणू सहज उडतो आणि ठळक दिसतो. १५३ चे डोपामीन ३६८ वर जाते, १०३ चे गाबा ३१८ वर, म्हणजे खालच्या टप्प्यातल्या गर्दीतून दोघेही बाहेर पडतात. कोलीनला असा हात नाही. ते १०४ वरच राहते आणि दोघांची गल्लत आपोआप टळते. २०१९ मध्ये याच गटाने नेचर मेथड्स मध्ये आणखी एक अभिक्रियाकारक सांगितला. तो अमीनखेरीज दुसऱ्या एका जातीचा हातही धरतो आणि मॅट्रिक्सचे कामही स्वतःच करतो. त्यामुळे डोपापासून डोपामीन आणि डोपामीन मोडून होणारी द्रव्ये ही अख्खी साखळी एकाच कापावर पाहता येऊ लागली.

नाव मिळाले, पत्ता मिळाला. आता आकडा. येथे मला जरा थांबावेसे वाटते, कारण वर्तमानपत्रांतून ही रंगीत चित्रे छापून येतात तेव्हा लाल म्हणजे जास्त आणि निळे म्हणजे कमी असे आपण सरळ धरून चालतो. ते नेहमी खरे नसते. लेसरच्या झोतात उडालेल्या रेणूंना भार मिळावा लागतो, आणि भार काही सर्वांना पुरत नाही. एस.टी. स्टँडवर गाडी लागली की धक्काबुक्की करणारे आत घुसतात आणि म्हातारे फलाटावर राहतात. गाडीतली डोकी मोजून फलाटावर कोण किती होते हे ठरवता येत नाही. मेंदूच्या पांढऱ्या भागात स्निग्ध द्रव्ये फार, करड्या भागात त्या मानाने कमी. क्षारही ठिकठिकाणी कमीअधिक. म्हणून दोन ठिकाणी डोपामीन सारखेच असूनही एके ठिकाणी ते ठळक आणि दुसरीकडे पुसट दिसू शकते. असले नुसते चित्र म्हणजे मोजमाप नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपाय मात्र फार सुंदर आहे. प्रयोगशाळेत डोपामीनचे जुळे भावंड बनवतात, ज्यात हायड्रोजनच्या चार अणूंऐवजी जड हायड्रोजनचे चार अणू असतात. वजन १५७, बाकी स्वभाव हुबेहूब तोच. हे भावंड संपूर्ण कापावर सारख्या प्रमाणात फवारतात. जेथे स्निग्धतेमुळे खऱ्या डोपामीनची गाडी चुकते, तेथे भावंडाचीही चुकते. म्हणून प्रत्येक बिंदूवर दोघांचे गुणोत्तर घेतले की गर्दीचा दोष बराचसा निघून जातो. त्याखेरीज दुसऱ्या कापावर ज्ञात प्रमाणाचे थेंब ठेवून मोजपट्टी तयार करतात. तरीही एक उणीव राहते. फवारलेले भावंड वर पसरलेले असते आणि खरे डोपामीन ऊतीच्या आत असते. दोघे सारख्याच सुलभतेने बाहेर निघतात असे गृहीत धरावे लागते. म्हणून विचारी संशोधक शेजारचा काप वाटून जुन्या रीतीनेही मोजतात आणि दोन्ही आकडे पडताळतात. पाटा-वरवंटा अजून अडगळीत गेलेला नाही!

आणखी एक शत्रू म्हणजे वेळ. प्राण गेला तरी मेंदूतील विकरे काम करीतच राहतात. ॲसिटिलकोलीन झपाट्याने नाहीसे होते. गाबा उलट वाढत जाते. चित्र जिवंत मेंदूचे म्हणून पाहावे आणि ते मरणानंतरच्या मिनिटांचे निघावे, असे होऊ शकते. प्रयोगाच्या प्राण्यांत यावर इलाज म्हणून मायक्रोवेव्ह लहरींनी मेंदू सेकंद-दोन सेकंदांत तापवून विकरे बंद पाडतात. हे सांगताना जीभ अडखळते, पण सांगणे भाग आहे. माणसाच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही. मृत्यूनंतर काही तासांनी जे हाती येईल त्यावरच भागवावे लागते आणि कोणते रसायन तेवढा वेळ टिकते हे ओळखून बोलावे लागते. जिवंत माणसाच्या मेंदूचे असे चित्र काढता येईल का, असे कोणी विचारील, म्हणून आताच सांगून टाकतो की या रीतीने येणार नाही. काप काढावाच लागतो.

आता गुरुजींच्या मानेकडे परत येऊ. २०२१ मध्ये उप्सालाच्या गटाने फ्रान्समधील सहकाऱ्यांसह सायन्स ॲडव्हान्सेस मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. माकडांना एका विषाने कंपवातासारखी अवस्था आणलेली होती आणि त्यांना लेव्हो-डोपा दिलेले होते. काही माकडांत ती आपोआप होणारी वळवळ उद्भवली, काहींत नाही. दोन्ही प्रकारच्या माकडांच्या मेंदूंचे काप या रीतीने तपासले. वळवळ असलेल्या माकडांत लेव्हो-डोपा एखाद्या कोपऱ्यात नव्हे, तर मेंदूत सर्वदूर प्रमाणाबाहेर साचलेले आढळले. आणि ज्या रेखी पिंडासाठी हे औषध द्यायचे त्याच्या बाहेर, जेथे एरवी डोपामीनची फारशी वस्ती नाही अशा भागांतही, डोपामीन वाढलेले दिसले. साठ वर्षे सगळ्यांची दृष्टी रेखी पिंडावर खिळलेली होती. तेवढाच तुकडा कापून वाटला असता तर बाहेरची ही वाढ दिसलीच नसती.

अर्थात माकडे थोडी आणि रोग कृत्रिम, हे विसरून चालणार नाही. शिवाय असे चित्र म्हणजे एका क्षणाचा ठसा. त्यात दिसणारे डोपामीन पेशीच्या आतील साठ्यातले की फटीत सांडलेले, हे चित्र सांगत नाही. लेसरच्या एकेका बिंदूत कित्येक पेशींचा भाग येतो. आणि मूळ प्रश्न, की तेच औषध घेऊन एका माकडाच्या मेंदूत ते एवढे का साचावे आणि दुसऱ्याच्या का साचू नये, तो प्रश्न आता निदान नीट विचारता येतो. ते मेंदूत शिरतानाच जास्त शिरते, की बाहेर पडताना अडते, की मोडायचे थांबते? डोपा, त्याचे डोपामीन आणि दोघांची मोडतोड होऊन झालेली द्रव्ये एकाच कापावर शेजारी शेजारी ठेवून या तीन शक्यता निवडण्याचे काम पुढे चालवावे लागणार आहे.